आबांची सत्तर वर्षांपूर्वीची सावली

मंडळी, आज आमच्या ताथवड्याच्या उन्हाळी विज्ञान शिबिरात शून्य सावलीचा दिवस होता. साडेबाराच्या सुमारास मुलांनी पटांगणात पाइपचा तुकडा उभा केला आणि बघता बघता त्याची सावली नाहीशी झाली. एकच गलका!

सातवीतल्या स्वराला न्यायला आलेले तिचे आबा मात्र वाकून पाइपच्या बुडाशी निरखून बघत होते. ते इथल्याच जुन्या गावातले.

म्हणाले, "सर, मी चौथीत व्हतो, पंचावन-छप्पन साली. गुर्जी म्हनले, रोज भर दुपारी सावली पायाखाली जाती. मी म्हनलो, न्हाई गुर्जी, थोडी उरतीच. रोज शेतात बघायचो ना! लई मार खाल्ला."

स्वरा लगेच म्हणाली, "आबा, आपल्याकडे सूर्य वर्षातून फक्त दोनदाच बरोबर डोक्यावर येतो. बाकीचे दिवस सावली उरतेच. तुमचं बरोबर होतं!"

आबा डोळे पुसत म्हणाले, "म्हंजी मी खोटं न्हवतो बोललो."

हे उत्तर स्वराला मी पढवलं नव्हतं. शिबिरात मुलं स्वतः बघतात, म्हणूनच ती इतक्या ठामपणे बोलतात.

तुम्हालाही शाळेत कधी असं गप्प बसवलं होतं? कमेंटमध्ये लिहा. तुमचं बरोबर होतं का, ते आमची मुलं तपासून सांगतील!