इथं राज कुणाचं?

लातूरच्या आमच्या ऑफिसात कुठल्याही सर्व्हरची तक्रार आली, की मॅडम कीबोर्डला हात लावण्याआधी विचारायच्या, "हितं राज कुणाचं हाय?" म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना सुभेदारीणबाई म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

प्रश्न मात्र खरा होता. लिनक्सच्या यंत्राला नेटवर्कचा पत्ता द्यायला एकाहून जास्त साधनं असतात; नेटवर्कमॅनेजर आणि नेटवर्कडी ही त्यातली दोन. दोन एकदम चालू राहिली, की एकानं दिलेला पत्ता दुसरं काढून घेतं. "एका म्यानात दोन तलवारी कशाला? फिरत्या लॅपटॉपला नेटवर्कमॅनेजर ठेवा, एका जागी बसणाऱ्या सर्व्हरला नेटवर्कडी बास. पण एकच ठेवा," हे त्या निलंग्याच्या ठसक्यात सांगायच्या.

किनवटच्या एका आश्रमशाळेत मुलींची ऑनलाइन प्रवेश परीक्षा होती आणि सर्व्हरचा पत्ता सारखा गायब होत होता. मी तिथं सर्व्हरपाशी, मॅडम लातूरहून त्याच सर्व्हरवर लॉगिन, दोघींच्या कानाला फोन. दारात पोरी रांगेत उभ्या. पेपर वेळेत सुरू झाला नाही तर केंद्र रद्द आणि त्यांचं वर्ष वाया.

पत्ता यायचा, जायचा. एकाएकी मॅडम ओरडल्या, "अगं, नेटवर्कमॅनेजर मी बंद करायले अन् तू चालू करायलीस!"

"मग तुम्हीच करा मॅडम. मी हात लावत न्हाई."

"न्हाई. पत्ता गेला की माझं लॉगिन तुटतं, मी बाहेर पडते. तू यंत्रापाशी हायस. मी निघाले, आता राज तुझं." आणि त्यांनी फोनच ठेवला.

इतका राग मला त्यांचा कधीच आला नव्हता. नेटवर्कमॅनेजर कायमचा बंद केला, नेटवर्कडीच्या फाइलमध्ये पत्ता लिहिला, सर्व्हर पुन्हा सुरू केला. स्क्रीन काळी झाली. मुख्याध्यापक माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते. मग पत्ता आला आणि या वेळी टिकला. पोरी आत धावल्या.

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "टिकला का गं?" मॅडमचा आवाज थरथरत होता. तेव्हा माझा राग गेला.

निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाल्यावर त्या मला शेजारी घेऊन बसल्या आणि एकेका सर्व्हरवरून स्वतःचं खातं काढून टाकू लागल्या. शेवटी किनवटचा उरला.

"हे तरी राहू द्या मॅडम. कधी अडलं तर?"

त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "हितं राज कुणाचं हाय?"

डोळे पुसले आणि त्यांचं खातं मीच काढून टाकलं.