मोडायच्या राहिलेल्या खुणा

मारोतराव कापगते आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि स्काउटचं पथक चालवायचे. दिघोरीच्या बाजूला आमची खाजगी शाळा आहे. मी तिथे मराठी शिकवत होतो. एकवीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून वह्या तपासल्या. त्यांच्या वह्यांत लाल शाई फार कमी असायची. मुलाने झाड निळं रंगवलं तर ते विचारायचे, "हे कोण्या वेळचं झाड होय रे?" मुलाने "पहाटचं जी" म्हटलं की पूर्ण गुण द्यायचे.

त्यांचा खरा सण डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असायचा. धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये लाखोरीचं कडधान्य बोटभर उगवून आलेलं. त्या दिवशी पथकाची पदयात्रा निघे. गावापासून आठ किलोमीटरवर एक मोठा तलाव आहे, तिथपर्यंत. सडकेने नाही, धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, आणि मधल्या सागाच्या पट्ट्यातून. मारोतराव मुलांच्या पुढे कधी चालत नसत. ते उजाडण्याआधी एकटेच निघायचे आणि वाटेवर खुणा ठेवत जायचे. काटक्यांचा बाण म्हणजे इकडे या. काटक्यांची फुली म्हणजे ही वाट नव्हे. गवताच्या झुबक्याला गाठ मारून शेंडा ज्या बाजूला वळवला, त्या बाजूला वळा. दगडांचा चौकोन दिसला की जवळपास चिठ्ठी पुरलेली आहे. चिठ्ठीत टिंबं आणि रेघा असत, मोर्सची लिपी. मुलांनी ती शोधायची, उलगडायची आणि सांगितलं असेल तसं करायचं. तोवर मास्तर तलावाच्या पाळीवर शेकोटी पेटवून पळसाच्या पानांत पानगे भाजत बसलेले असत.

त्यांचा एक नियम होता आणि त्याबाबतीत ते कडक होते. सगळ्यात मागे चालणाऱ्या संघाने प्रत्येक खूण मोडत यायची. काटक्या विस्कटायच्या, गाठ सोडायची, दगड जागच्या जागी ठेवायचे. "वाट लोकाईची हाय," ते म्हणायचे. "आपून पाहुणे. पाहुण्यानं आपलं ताट उचलावं."

मला चालण्याची फारशी हौस नव्हती. माझ्याकडे काम होतं ते पदयात्रेचा अहवाल लिहिण्याचं. राज्य पुरस्काराच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी तो अहवाल लागतो, आणि पुरस्कार मिळाला की दहावीच्या गुणांत थोडी भर पडते. मारोतराव परत आले की मला सगळं सांगायचे, मी चांगल्या मराठीत उतरवायचो. पुढे पुढे मी तो आधीच लिहून ठेवू लागलो. दरवर्षी तेच तर असायचं. फक्त पक्ष्यांची नावं बदलायची.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात राजकुमार सर नवीन मुख्याध्यापक होते. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो त्याच दिवशी वर पाठवायचे असत, आणि फोटो गेले की कार्यक्रम झाला असं त्यांचं गणित होतं. त्या शनिवारी दाट धुई पडली होती. सात वाजता आठ मुलं गळ्यात स्कार्फ बांधून, हातात काठ्या घेऊन मैदानात उभी होती. मारोतराव तासाभरापूर्वीच पुढे गेले होते. राजकुमार सरांना दहा वाजता भंडाऱ्याला बैठकीसाठी पोचायचं होतं. त्यांनी मुलांना शाळेमागच्या बोडीवर, एका लहानशा तळ्यावर, नेलं. धुईत बोडीचा दुसरा काठ दिसत नव्हता, त्यामुळे फोटोत ती तलावच वाटली. पाच-सहा फोटो काढले, एका मुलाला वाकून दगड न्याहाळायला लावलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

"कापगते सर वाट पाहात असतील ना?" मी विचारलं.

"त्यांना सांगून देतो ना सर. फोन लागून नाही राहिला."

तलावावर फोन लागत नाही हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मारोतराव एक वाजेपर्यंत पाळीवर बसले. मग मुलं वाट चुकून सडकेला लागली असतील, असं समजून एका दूधवाल्याच्या गाडीवर बसून सडकेने शोधत आले. शाळेला कुलूप होतं. एका मुलाच्या घरी गेले तर मुलगा अंगणात क्रिकेट खेळत होता. पानगे त्यांच्या पिशवीत तसेच होते. ते त्यांनी त्याच घरी देऊन टाकले.

सोमवारी ते मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले तेव्हा मी तिथेच होतो.

"मी खुणा तशाच ठेवल्या हायेत," ते म्हणाले. "मोडू का ठेवू?"

"ठेवा ना सर. पुढच्या शनिवारी पक्कं नेऊ पोरांना," राजकुमार सर म्हणाले.

मारोतरावांनी ते खरं मानलं. दिलेला शब्द माणूस पाळतो, असं त्यांना साठीला चार वर्षं उरली असतानाही वाटायचं. त्याच दिवशी दुपारी माझ्या हातचा अहवाल फोटोंसोबत वर गेला. त्यात एक वाक्य होतं: 'शेवटच्या संघाने वाटेवरील सर्व खुणा मोडल्या व चिठ्ठ्या गोळा केल्या.' त्या आधी नऊ अहवालांत तेच वाक्य मी लिहिलं होतं, आणि नऊही वेळा ते खरं होतं.

मंगळवारी हिरालालचा हेला मेला. हिरालालची शेती त्याच वाटेवर आहे. चिखलणीला जुंपायचा तगडा रेडा. रात्री दावं तोडून खळ्यावर गेला आणि पोट फुगेपर्यंत धान खाल्लं. गुरांच्या डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. पण त्याच सकाळी हिरालालच्या बायकोला, शकुनबाईला, शेताच्या कोपऱ्यावर काटक्यांची फुली दिसली. गवताला मारलेली गाठ दिसली. दगडांचा चौकोन दिसला. तिने शेजारची माती उकरली तर प्लास्टिकच्या पुडीत एक कागद निघाला, आणि कागदावर नुसती टिंबं आणि रेघा. शनिवारी मुंढऱ्यात, उजाडायच्या आधी, लाखोरीची भाजी खुडायला निघालेल्या शकुनबाईने एक माणूस धुईत तिथे उकिडवा बसलेला पाहिलाही होता. तिने हाक मारली होती. "मी होय, कापगते," असं उत्तर आलं होतं.

करणी हा शब्द गावात कुणी मोठ्याने उच्चारत नाही. तो आपोआप घराघरांत पोचतो. बुधवारी रंभाबाई, मारोतरावांच्या पत्नी, दळण घेऊन गेल्या तर चक्कीवरच्या बाया आपापले डबे उचलून बाजूला झाल्या.

गुरुवारी पोलीस पाटील भय्याजींनी शाळेच्या व्हरांड्यात दोन्ही बाजूंना बोलावलं. भय्याजी समजूतदार माणूस. गोष्ट ठाण्यापर्यंत जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. चाळीस-पन्नास माणसं जमली होती. आठही मुलांना समोर बसवलं होतं.

"काहून गा सर," हिरालाल म्हणाला, "माह्या धुऱ्यावर तुमी काय करून राहिले होते?"

"पोराईसाठी खुणा ठेवून राहिलो होतो, हिरालाल. दरसाल ठेवतो. तुले मालूम हाय."

"दरसालच्या मले कधी दिसल्या नाही."

"मोडते पोरं. म्हणून नाही दिसल्या."

भय्याजींनी तो कागद पुढे केला. "हे काय लिवलं हाय, वाचा बरं."

"वर पहा," मारोतराव म्हणाले.

भय्याजींनी वर पाहिलं. मागच्या माणसांनीही वर पाहिलं. वर व्हरांड्याचे टिन होते.

"तसं नाही जी. चिठ्ठीत तेच लिवलं हाय, वर पहा. त्या कोपऱ्यावरच्या शिंदीवर सुगरणीचे खोपे हायेत. पोराईनं पाहावं म्हणून."

कोणीतरी हसलं. त्या हसण्यात थोडा सुटल्याचा भाव होता आणि मला वाटलं, मिटलं. पण शकुनबाई हसली नाही. ती म्हणाली, "पोरं जर शनिवारीच गेले, तर चिठ्ठी मंगळवारी मातीत कशी?"

प्रश्न बिनतोड होता. भय्याजींनी शाळेचा कागद मागितला. राजकुमार सरांनी अहवालाची प्रत दिली. भय्याजींनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. माझं वाक्य. वाचता वाचता 'वाटेवरील' या शब्दावर ते अडखळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अक्षर माझंच म्हणून. मी मान हलवली. शब्द बरोबर वाचलात, एवढाच तिचा अर्थ होता. लोकांनी घेतला तो वेगळा.

"मागच्या संघात कोन होता?" भय्याजींनी विचारलं.

सचिन उभा राहिला. हिरालालचा नातू. संघनायक. मुलांना काय सांगायचं ते राजकुमार सरांनी सकाळीच समजावून ठेवलं होतं.

"तुमी आपल्या धुऱ्यावरून गेले होते का रे?"

"हो जी."

"खुणा मोडल्या?"

"साऱ्या मोडल्या जी." तो जमिनीकडे पाहात होता.

मारोतरावांनी त्या मुलाकडे पाहिलं, मग उरलेल्या सातांकडे. राजकुमार सर खांबाला टेकून उभे होते. पदयात्रा झालीच नाही, एवढे शब्द कोणीतरी बोलायचे होते. ते बोलले गेले असते तर मास्तर सुटले असते आणि आठ मुलांचा पुरस्कार गेला असता. खोट्या नोंदीबद्दल मुलांचीही चौकशी झाली असती. आजोबासमोर नातू खोटा ठरला असता. ते शब्द बोलायचा हक्क मलाही होता. माझी निवृत्ती चार महिन्यांवर आली होती आणि माझ्या कागदांवर राजकुमार सरांची सही व्हायची होती. हे कारण मी आज लिहितो. तेव्हा मी स्वतःलाही मुलांचंच कारण सांगितलं.

"पोरगं खरं बोलून राहिलं," मारोतराव म्हणाले. "त्याईनं मोडल्या. ह्या मी मंग ठेवल्या. पुढच्या शनिवारच्या सरावासाठी."

"कोनाले न सांगता?" शकुनबाईने विचारलं.

"हो."

"आमच्याच धुऱ्यावर?"

एकवीस वर्षांत मारोतरावांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना ते धड जमलंही नाही. म्हणूनच लोकांना दुसरं काहीतरी दडवताहेत असं वाटलं.

भय्याजींनी तोडगा काढला. कोणी कोणावर आळ घ्यायचा नाही. कायदा आहे, आतमध्ये जाल, हे त्यांनी दोनदा बजावलं. फक्त हिरालालच्या समाधानासाठी मास्तरांनी त्याच्या धुऱ्यावर नारळ फोडावा. मारोतरावांनी फोडला. कायद्याने कोणी त्यांना काही म्हणू शकत नव्हतं, आणि नारळ फोडल्यावर कोणी काही म्हणायची गरजही उरली नव्हती.

पुढचा शनिवार आला नाही. आठही मुलांना पुरस्कार मिळाला. राजकुमार सरांचा शाल देऊन सत्कार झाला, त्याच्या बातमीचा मसुदा मी लिहिला. जूनमध्ये पथकासाठी नावं मागवली तेव्हा एकही नाव आलं नाही. एका आईने निरोप पाठवला, पोराला थंडी सोसत नाही. जूनमध्ये. शाळेने पथक बंद केलं. चित्रकलेच्या तासाला मुलं बसायची, पण मास्तरांनी दुरुस्त केलेला कागद काही जण घरी नेत नसत. त्यांच्या टेबलावर अशा कागदांची चळत साचली होती. ते त्यांची पाठकोरी बाजू वापरायचे.

यंदाच्या डिसेंबरात मी त्यांच्याकडे गेलो. तेही आता निवृत्त झालेत. सचिनची बॅच दहावी पास होऊन लाखनीला, साकोलीला शिकायला गेली आहे. मी म्हटलं, "मारोतराव, आता कोणाचं नुकसान नाही. मी खरं काय ते लिहून देतो. भय्याजींना देतो, हिरालालला वाचून दाखवतो."

रंभाबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "तवा बोलाले काय झालं होतं सर? दात दुखून राहिले होते?"

"असू दे," मारोतराव त्यांना म्हणाले. मग मला म्हणाले, "पैला कागद बी तुमचाच, दुसरा बी तुमचाच. लोकं कोनता मानतीन?"

ते उठले, मफलर गुंडाळला. "चाला, फिरून येऊ."

आम्ही डांबरी सडकेने निघालो. आता ते सडकेनेच फिरतात. धुऱ्यावर पाऊल ठेवत नाहीत. त्यांनी मला वटवाघळांचं एक झाड दाखवलं, रस्त्यावरूनच, बोट न उचलता, नुसत्या हनुवटीने. हात त्यांनी मागे बांधलेले होते, दोन्ही तळवे उघडे, मागून येणाऱ्याला रिकामे दिसतील असे.

हिरालालचं घर सडकेला लागून आहे. अंगणात शकुनबाई कोवळ्या उन्हात बसली होती आणि तिची दीड-दोन वर्षांची नात तिच्या पायाशी खेळत होती. घर अजून बरंच दूर असताना मारोतराव सडक ओलांडून पलीकडच्या कडेला गेले. मी मागोमाग गेलो.

"इकडून कायले?" मी विचारलं.

"आपून जवळ आलो का ते उठते, लेकराले उचलून अंदर नेते," ते म्हणाले. "गुडघे दुखते तिचे. उन्हात बसली हाय तं बसू द्या."