पाय न टेकवता चौकचा चढ

मीरा रोडला पाहुणे आले की हमखास विचारतात, इथे बघण्यासारखं काय आहे? घोडबंदरचा किल्ला जवळ आहे, पण तिथे जायचं म्हणजे काशीमीऱ्याच्या ट्रकांमधून वाट काढायची. सायकलवाल्याने पश्चिमेला जावं. भाईंदर, मुर्धा, राई, मोर्वा, उत्तन, चौकचा किल्ला आणि डोंगरीच्या जुन्या चर्चवरून परत. तीसेक किलोमीटरची फेरी, एक चढ सोडला तर सगळी सपाट.

तो एक चढ हाच वादाचा मुद्दा होता.

बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या इमारतीत माझ्या खालच्या मजल्यावर दळवी राहतात. मूळचे गुहागरकडचे, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सायकल चालवा. दळवींनी लगेच जुनी सायकल घेतली. वहिनींना ती पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. मी फेरीचं बोललो तेव्हा त्या चहा गाळत होत्या.

"जा. पण त्या चढावर लंगडत सायकल ढकलताना दिसलात, तर सोमवारी ती भंगारवाल्याकडे."

"आणि पाय न टेकवता चढलो तर?"

"तर राहील. मी डबा घेऊन बसने चौकला येते. बघायला कोणी नको?"

माझी सुट्टी शनिवारी असते. जानेवारीतली सकाळ, हवेत गारवा. उजाडताना निघालो आणि रूळ ओलांडून भाईंदर पश्चिमेला आलो. मुर्ध्यापासून शहर मागे पडतं. दोन्ही बाजूंना मिठागरं, पाण्यात आभाळ, मधूनमधून मिठाचे पांढरे ढीग. रस्ता अरुंद आहे, पण पहाटे वाहनं कमी असतात. राईला टपरीवर चहा आणि वडापाव घ्यावा. पुढे उत्तनपर्यंत खाण्याची फारशी सोय नाही. पाण्याची बाटली आणि पंक्चरचं सामान जवळ हवंच.

दळवींची सायकल म्हणजे छोटी बसच. वळणाच्या बरंच आधी हात बाहेर, खड्डा आला की मागच्याला खूण. प्रत्येक बसथांब्यापाशी वेग कमी.

"दळवी, कोणी चढणार नाहीये," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही कळायचं. पाय आपोआप उठतो."

उत्तनला समुद्र येण्याआधी त्याचा वास येतो. बांबूच्या उंच आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले होते. त्यांच्या ओळींमधून रस्ता पालीवरून चौकला जातो. चौकला होड्या, जाळी विणणारे म्हातारे आणि वरच्या अंगाला किल्ला. किल्ला म्हणून फार मोठं काही मनात धरून जाऊ नका. झाडोऱ्यात अर्धा बुडालेला बुरूज, तटाचे तुकडे, बस. पण बुरुजावर उभं राहिलं की खाडीचं तोंड आणि पलीकडे वसई दिसते. वसईच्या मोहिमेत ही जागा मराठ्यांना का हवी होती, ते पुस्तकाशिवाय समजतं. इथून एकही गलबत नजरेआड जाऊ शकत नाही.

वहिनी दुपारी बसने आल्या. बुरुजाच्या सावलीत आम्ही तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. दळवी गुडघा चोळत नव्हते, पण हात तिथेच ठेवून बसले होते. वहिनींनी ते पाहिलं.

परतीला चौक सोडला की डोंगरीकडे चढ लागतो. आम्ही पुढे, वहिनींची बस मागून येणार होती. दळवींनी सुरुवात चांगली केली. वेग घेतला, दम राखला. अर्ध्यावर वळण आलं आणि वळणापलीकडे सगळा रस्ता भरलेला.

बँडबाजा, लुगडी नेसलेल्या बायका, डोक्यावर फुलांनी सजवलेले हंडे. ख्रिस्ती कोळ्यांच्या घरचं लग्न. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, ते उंबराचं पाणी. दोन पावलं पुढे, मग जागेवर नाच. मी मुकाट्याने उतरलो.

दळवी उतरले नाहीत. मागचा ब्रेक किंचित दाबून ते त्याच्याविरुद्ध पेडल मारत राहिले. सायकल मुंगीच्या पावलांनी सरकत होती.

"हाफ क्लच," ते समोरच बघत म्हणाले. "गणपतीच्या मिरवणुकीमागे चढावर बस अशीच धरायची."

तेवढ्यात मागून हॉर्न आला. चौकची बस. दळवींनी उजवा हात बाहेर काढून तळवा मागे केला, थांब म्हणून. बस थांबली. खिडकीतून वहिनींचं डोकं बाहेर आलं.

"अहो, उतरा! वरात आडवी आलीय, उतरलात तरी हे मी धरत नाही!"

"मी धरतोय," दळवी म्हणाले.

"गुडघा जाईल!"

"जात न्हाय गो बाय," मिरवणुकीतली एक म्हातारी वळून म्हणाली. "बाबा, पडशील हां. का उतरत न्हाय तू?"

"बायकोशी पैज हाय," दळवींनी तिच्याच बोलीत सांगितलं.

तिने ते पुढच्या बाईला सांगितलं, तिने बँडमधल्या कर्नेटवाल्याला. बँड थांबला. क्षणभर वाटलं, आता संपलं. मग बायका दोन्ही कडांना सरकल्या, मधे सायकलपुरती वाट झाली आणि बँडने एकदम जोरात चाल धरली. दळवी त्या वाटेने निघाले, हंड्यांच्या मधून, घामाघूम, ताठ मानेने. कोणीतरी ओंजळभर पाणी त्यांच्या पाठीवर उडवलं. मी सायकल ढकलत मागून. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, हे बरं झालं.

चढ संपला. दळवींनी चर्चच्या सपाटीवर सायकल नेली आणि मग पाय टेकवला. मिरवणूक फाट्याला वळली, मागून बस आली. तरुण ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"काका, कुठल्या डेपोला होतात? हात दाखवलात ना, तेव्हाच ओळखलं."

दळवींना दम लागला होता. ते नुसते हसले. वहिनी तिथेच उतरल्या, तरातरा चालत आल्या आणि रस्त्यावरच वाकून त्यांनी दळवींचा गुडघा दाबून पाहिला.

"सुजलाय?"

"नाही."

"खोटं बोलू नका."

"थोडा."

डोंगरीचं चर्च पोर्तुगीजांच्या काळातलं. जाड भिंती, आत गार सावली. तिघंही बराच वेळ बाकावर बसलो. इथे घाई करू नये, हा या फेरीबद्दलचा माझा एकमेव आग्रह. पुढे मोर्व्यापर्यंत उतार आणि सपाटी, संध्याकाळच्या उन्हात मिठागरं तांबूस.

घरी आल्यावर माझे पाय दोन दिवस दुखले, मग तेही थांबलं. राहिली ती बँडची चाल, आणि मीरा रोडला काय आहे असं कोणी विचारलं की आता मी थांबून नीट पत्ता सांगतो.

फेरीहून परतलो त्या संध्याकाळी दळवी आत बर्फाची पिशवी गुडघ्यावर धरून बसले होते. वहिनी खाली उतरून वॉचमनशी बोलत होत्या.

"भैया, ये जिने के नीचे का पुराना टेबल हटाओ. साहब की सायकल बाहर रखेंगे तो जंग लगेगा."