जाऊबाईंचा तपकिरी कोट

आमच्या थोरल्या जाऊबाईंचा ठाम समज होता, की गुरांना माणूस आतून कळतो. कपड्यांना, पैशाला, शिक्षणाला माणसं भुलतात; गाय थेट मन वाचते. हे त्या गुरांच्या डॉक्टरला सांगत, दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला सांगत, आणि ज्याने विचारलेलंच नाही त्याला सगळ्यात आधी सांगत. पुरावा म्हणून मास्तरीण कायम हजर असायची. मास्तरीण म्हणजे त्यांच्या गोठ्यातली सगळ्यात जुनी गाय. ती पुढे निघाली की बाकीच्या मागून रांगेने निघत, म्हणून हे नाव. जाऊबाईंखेरीज कोणालाही ती कासेला हात लावू देत नसे.

"माझं मन ओळखते ती," जाऊबाई म्हणायच्या. भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, जवळ उभे असले तर बादली उचलून बाहेर जायचे. संसाराला इतकी वर्षं झाली, पण जाऊबाईंचं मन ओळखल्याचा दावा त्यांनी कधी केला नव्हता.

आमची दोन्ही घरं एकाच कुंपणाला लागून, त्यामुळे हे सगळं मी रोज बघत आले. थंडी सरली की त्या घरात कोणी टेकलेलं दिसत नसे. हिवाळाभर गोठ्यात साचलेलं शेण आणि कुजकं गवत फावड्याने ओढून बाहेर काढायचं, कुंपणाचे हलणारे खांब ठोकून बसवायचे, तारा ताणायच्या. त्यात गुरांची हिवाळी लव गळायला लागते. खरारा फिरवला की तिचे पुंजके उडतात आणि चहात, केसांत, अंथरुणात कुठेही जाऊन बसतात. इतकी लव पोटात गेलीय की मरताना मी हंबरणार बघ, असं जाऊबाई मला म्हणत.

या सगळ्या कामांना त्यांच्या अंगावर एकच कोट. तपकिरी, लोकरीचा, आणि मुळात भाऊजींचा. भाऊजी कचेरीत होते तेव्हा तो शिवलेला. त्यांनी नोकरी सोडली, तसा कोटही नोकरीतून सुटला आणि जाऊबाईंच्या हाताखाली कामाला लागला. कोपरं फाटलेली, एका बटणाच्या जागी सुतळी, खिशात दाव्याचा तुकडा. गोठ्याच्या दारामागच्या खिळ्यावर त्याचा मुक्काम असे, घरात यायला त्याला बंदी होती. धुण्याचा तर प्रश्नच नव्हता. धुतला तर उरेल काय, असं त्या विचारत, आणि ते खरंच होतं.

तर त्या वसंतात त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले, आणि नेमके मास्तरिणीचेही. जाऊबाईंचा जीव टांगणीला लागला. लेक शहरात, तिला दवाखाना आहे, डॉक्टर आहेत; हिला कोण आहे? भाऊजी म्हणाले, मी आहे. त्यावर जाऊबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मीच मध्ये पडून म्हटलं, ताई, मीही आहे, तुम्ही जा. शेवटी गेल्या. बस सुटली तरी खिडकीतून सूचना येतच होत्या. मी घरी येऊन देवापुढे हात जोडले आणि दोघींसाठी एकच प्रार्थना केली. कोण कुठली ते देवाने आपलं आपण लक्षात ठेवायचं होतं.

देवाने ते ठेवलं. तिकडे नात झाली आणि त्याच आठवड्यात एका सकाळी मास्तरीण कोणाचीही वाट न बघता व्याली. कालवड झाली, वार वेळेवर पडली. खरी पंचाईत धारेची होती. भाऊजी खाली बसले की ती लाथ झाडायची. त्यांनी तिला मनातलं सगळं चांगलं चांगलं बोलून दाखवलं, तरी पान्हा चोरायची. मग एकदा पावसाची सर आली. भाऊजी चिंब भिजले आणि हाताला लागला म्हणून खिळ्यावरचा तपकिरी कोट त्यांनी अंगात चढवला. मी गरम पाण्याचं भांडं घेऊन दारात पोचले, तर मास्तरीण रवंथ करत उभी आणि बादलीत धारेचा आवाज. भाऊजींनी बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी भांडं ठेवलं आणि आले.

जाऊबाईंचा रोज फोन यायचा. पान्हा चोरते ना, हा पहिला प्रश्न. सुरुवातीला हो म्हटलं की त्यांचा आवाज कसा खुलायचा. नंतर भाऊजी म्हणाले, आता देते. जाऊबाईंनी विचारलं, सगळं? सगळं, भाऊजी म्हणाले. जाऊबाई ठरल्यापेक्षा लवकर परतल्या. सांगताना म्हणाल्या, शहरातलं पाणी मानवत नाही.

आल्या त्या जांभळं जॅकेट घालून. लेकीने घेऊन दिलेलं, चमकणारं, हात हलवला की कागद चुरगळल्यासारखं वाजणारं. तो घाणेरडा कोट पुन्हा अंगाला लावणार नाही, असं लेकीने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. अंगाला बाळाच्या तेलाचा वास. पिशवी दारात टाकून त्या थेट गोठ्यात गेल्या. "आले गं बाई," म्हणत हात पुढे केला. मास्तरिणीने कान ताठ केले, बाजूला सरकली आणि बादली लाथेने उलटी केली.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. जाऊबाईंनी गूळ दिला, रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. धार मात्र भाऊजीच काढत होते, कोट घालूनच. तो कोट आता टाका, असं जाऊबाईंनी सांगितलं होतं. टाकतो, म्हणत होते आणि बटणं लावत होते. त्यांची चालच बदलली होती. एका सकाळी गाडीवाल्याला सांगताना मी त्यांना माझ्या कानांनी ऐकलं, की गुरांना माणूस आतून कळतो. जाऊबाई ते ऐकून घरात निघून गेल्या. दुपारी बघते तर त्यांचं ताट तसंच झाकलेलं.

"विसरली गं मला," त्या मला म्हणाल्या. "मनात काही खोट शिरली असेल माझ्या. नातीला घेतलं तेव्हा हिची आठवणसुद्धा आली नाही, ते हिला कळलं."

कोटाचं सांगावं असं तोंडाशी आलं, पण भाऊजींना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी पसंत केलं होतं.

मग गुरांना हिवाळ्यानंतर प्रथमच कुरणात सोडायचा दिवस आला. नवं गवत एकदम पोटभर खाल्लं तर पोटं बिघडतात, म्हणून थोड्या वेळाने हाकून परत आणावं लागतं. सोडल्याबरोबर म्हाताऱ्या गाईसुद्धा शेपट्या उभ्या करून उधळल्या. हाक मारायचा मान दरवर्षी जाऊबाईंचा. त्या फाटकात उभ्या राहिल्या आणि हाक घातली. मास्तरिणीने मान वर केली, चार पावलं आली. जाऊबाईंनी दोन्ही हात पसरले, जॅकेट वाजलं, आणि ती जागीच थांबली. मग वळली आणि कुंपणाशी खांब ठोकत असलेल्या भाऊजींकडे सरळ चालत गेली. बाकीच्या मागून, रांगेने.

जाऊबाई बघत राहिल्या. गाय भाऊजींच्या तोंडाकडे बघतच नव्हती. तिने नाक खुपसलं होतं ते बाहीत.

"अहो, तो कोट काढा."

"गारठा आहे."

"काढा म्हणते ना."

कचेरीत दुसऱ्याच्या हाती कारभार सोपवावा तसं भाऊजींनी एकेक बटण सोडलं. जाऊबाईंनी जॅकेट त्यांच्या हातात दिलं, कोट अंगात घातला, आणि हाक न मारता चालू लागल्या. मास्तरिणीने एकदा बाही हुंगली आणि मागून निघाली. बाकीच्याही, थेट गोठ्यापर्यंत.

"म्हणजे इतकी वर्षं ही कोटाला ओळखत होती," दावं बांधताना जाऊबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, म्हणून मला जास्त लागला.

भाऊजी हळूच म्हणाले, "पण कोट माझा होता."

जाऊबाईंनी मान वर केली. "आणि वास कोणाचा आहे त्याला?"

भाऊजी म्हणाले, "तुझाच."

"मग?" म्हणून त्या खाली बसल्या, कपाळ गाईच्या कुशीला टेकलं आणि धार सुरू केली. त्या संध्याकाळी ताट स्वच्छ झालं. मी देवाचे आभार मानले. एवढ्या बारीक कामात त्याने लक्ष घातलं.

आता त्या डॉक्टरला सांगतात, की माणसाचं मन कपड्यात उतरतं आणि गाय ते तिथूनही वाचते. नाहीतर यांना तिने जवळ उभं केलं असतं का? डॉक्टर मान डोलावतो, त्याला पुढच्या गोठ्यात जायचं असतं.

जांभळं जॅकेट भाऊजींच्या वाट्याला आलं. कालवडीला बाटलीने दूध पाजायचं काम त्यांच्याकडे आहे, ते जॅकेट घालूनच करतात. आता ते कुठेही निघाले, की आवाज ऐकून ती टुणटुणत मागे लागते. परवा लेकीने फोनवर विचारलं, आई, जॅकेट घालतेस ना? जाऊबाईंनी तपकिरी बाही वर सारली आणि खिडकीबाहेर बघितलं. भाऊजी दुधाचा कॅन घेऊन रस्त्याकडे चालले होते, जांभळे, आणि मागे कालवड.

"रोज वापरात आहे गं," त्या म्हणाल्या. "एका दिवसाचा खाडा नाही."