हत्तीलाही हिरवी टिक

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी इमारतभर करून टाकलंय, की आमच्या आत्याला लिफ्ट कंपनीने ऑफिसच्या चॅटमधून हाकललं. रिटायर झाली तरी नाक खुपसत होती म्हणून. नाक खुपसत होती हे खरं. हाकललं हे साफ खोटं. ती स्वतः बाहेर पडली, माझ्या डोळ्यांदेखत.

आत्या लिफ्ट दुरुस्तीच्या ऑफिसात तक्रारी घ्यायची. कुठे लिफ्ट अडकली की ती चॅटमध्ये टाकायची आणि जो मेकॅनिक निघेल त्याने हिरवी टिक द्यायची. नियम तिचाच. "टिक म्हणजे शब्द!" ती खर्जात बजावायची. (हा आवाज मी झकास काढते.) निरोपाच्या दिवशी तिनेच तयार केलेला फोरमन गहिवरला होता. "ताई, चॅट सोडायचा नाही हं! तुमच्याशिवाय आमचं पान हलायचं नाही."

मग काय, रोज चहाच्या आधी सूचना. "दवाखान्यातल्या लिफ्टचं दार कुरकुरतं, तेल न्या." टिक. आत्या फोन माझ्या नाकाशी धरायची. "बघ, अजून मानतात!"

"टिक फारच लगेच येते गं."

"शिस्त म्हणतात त्याला. तुला काय कळणार?"

"मग लिही, लिफ्टमध्ये हत्ती अडकलाय."

तिने हसत हसत लिहिलं, "तिसऱ्या मजल्यावर हत्ती अडकलाय. केळी न्या."

टिक.

मी खो खो हसले. आत्या हसत नव्हती.

तिने फोरमनला फोन लावला, स्पीकरवर.

"अहो ताई, तसं नाही... नवं ॲप घेतलं, सगळे तिकडे गेले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून जुन्यात टिकची सोय करून ठेवली. आपोआप पडते."

"म्हणजे इतके दिवस मी भिंतीशी बोलत होते."

"तुमच्याबद्दल सगळ्यांना आदर—"

"शब्द होता रे तो," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तो आवाज मला काढता येत नाही.

चष्मा लावून तिने 'बाहेर पडा' शोधलं. 'नक्की?' असं ॲपने विचारलं. "चला, तू तरी विचारलंस," आत्या म्हणाली.

"जाता जाता चांगली झाड ना त्यांना!"

"कुणाला? टिकेला?" आणि दाबलं.

मी उसळून म्हटलं, "बघच तू, त्यांच्यातलं कुणीतरी विचारणार, ताई का गेलात."

"त्यांना कळणारसुद्धा नाही. लाव पैज. हरलीस तर आठवडाभर माझी नक्कल बंद."

पुढच्या आठवड्यात आमच्या इमारतीची लिफ्ट बिघडली. तिच्याच हाताखालचा मेकॅनिक आला. आत्याला पाहून त्याचा चेहरा फुलला. "ताई! तुमच्या सूचना रोज वाचतो हं मी. आजचीसुद्धा वाचली!"

आत्याने त्याला पाणी दिलं. मग माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.