विरंगुळ्याचा अभ्यास

विरंगुळ्यासाठी माझ्या धाकट्या मामाने जेवढे कष्ट उपसले, तेवढे साऱ्या खानदेशात कुणी केळीसाठीही उपसले नसतील. जळगावजवळच्या असोद्याच्या शेतकरी घरातला हा माणूस. बी.ए. झाल्यावर वीस वर्षं केळी-कापसात राबला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर एका सकाळी त्याने घरात जाहीर केलं की आपण आता टपालाने पुढचं शिकणार. विषय काय, तर बागा, सहली आणि पर्यटन यांची व्यवस्था. आबा, म्हणजे त्याचे वडील आणि माझे आजोबा, खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "लोकं शिकता ते कामाले लागाले. तू रिकामं बसाले शिकून राह्यला?" तरी त्यांनी दोन वर्षं दिली. तेवढ्यात पदवी आली तर बरं, नाही तर पुस्तकं माळ्यावर आणि मामा कायमचा केळीत.

पुण्याहून अभ्यासाच्या पुस्तिका येऊ लागल्या आणि मामाला स्वस्थ बसलेला माणूस दिसेना, त्याला नमुना दिसू लागला. जळगावच्या बागेत तो मोजपट्टी घेऊन झाडांच्या सावल्या मोजी. बाकावर कोण किती वेळ बसलं हे घड्याळ लावून वहीत लिही. एकदा एक म्हातारे गृहस्थ त्याच्या पाहण्याने अस्वस्थ होऊन उठून गेले, तर मामाने वहीत त्यांच्यापुढे 'सात मिनिटे, कारण अज्ञात' अशी नोंद केली. आम्ही सगळे अजिंठ्याला गेलो तेव्हा तो दिवसभर पाण्याच्या नळापाशी बसून राहिला. लोकांना आधी पाणी लागतं की आधी लेणी, हे त्याला पाहायचं होतं. मी म्हटलं, "मामा, एक तरी चित्र बघा." तो म्हणाला, "चित्रं इतकी वर्षं टिकली, पोरी. माणूस उन्हात दोन तास टिकत नाही. आधी त्याचं बघू दे." स्वतः मात्र तो त्या दोन वर्षांत एकदाही कुठे नुसता बसला नाही. पहाटे केळीला पाणी, दुपारी पुस्तिका, संध्याकाळी मोजपट्टी.

प्रबंधासाठी त्याने आपल्याच भागातल्या लोकांचा विरंगुळा निवडला. शंभर फॉर्म छापून घेतले आणि हिवाळ्यात, भरिताच्या दिवसांत, शेताशेतांत फिरला. आमच्याकडे थंडी पडली की शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजतात, मिरची-लसणाबरोबर ठेचतात आणि गावातली, जळगावची, वरणगावच्या कारखान्यातली माणसं केळीच्या पानावर पंगतीला बसतात. दुपारी सुरू झालेलं जेवण ऊन उतरेपर्यंत चालतं. मामा प्रत्येक पानासमोर उकिडवा बसून फॉर्म भरून घेई. पहिलाच प्रश्न होता, 'आपण विरंगुळ्यासाठी काय करता?' समोरचा तेलाने माखलेला हात पुसत म्हणे, "आम्हाले कोठी येळ हाये, भाऊ? लिहा, काहीच नाही." आणि पुन्हा वाढणाऱ्याला हाक मारी. एक काकू तर तिसऱ्यांदा भरीत घेता घेता म्हणाल्या, "मरायला फुरसत नाही. पुरी आण रे गरम." मामा प्रामाणिक माणूस. जे सांगितलं ते लिहीत गेला.

शंभराच्या शंभर फॉर्मवर 'नाही' आलं. पुण्याच्या मार्गदर्शकांनी कळवलं की या माहितीप्रमाणे तुमच्या भागात विरंगुळाच नाही, तेव्हा प्रबंध होऊ शकत नाही, माहिती पुन्हा गोळा करा. भरिताचे दिवस सरले होते आणि आबांची दोन वर्षंही सरत आली होती. मी तेव्हा जळगावला एका वाचनालयात नोकरीला होते. मामा फॉर्मचा गठ्ठा घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "सगळे खोटं बोलले, पोरी."

"कुणाला घाबरून?" मी विचारलं.

त्याने वरचा फॉर्म उचलून पुन्हा वाचला. "घाबरून नाही. दुपारभर रिकामं बसलो असं म्हणायची लाज वाटते त्यांना. आबांनी मला पण हेच शिकवलं ना." मग त्याने फॉर्म बदलले नाहीत. प्रत्येक फॉर्मखाली तो कुठे, किती वाजता, कितव्या वाढपाला भरला ते वहीतून उतरवलं आणि शेवटचं प्रकरण नव्याने लिहिलं, की आमची माणसं विसावा घेतात, फक्त कबूल करत नाहीत. म्हणून त्यांना विचारू नये, त्यांच्या पंगतीला बसावं. माझं अक्षर बरं म्हणून पक्की प्रत मी केली.

तोंडी परीक्षेत एक वयस्कर परीक्षक फॉर्म चाळत होते. चाळता चाळता थांबले आणि म्हणाले, "हा एक नंबरचा फॉर्म तुमच्याच नावाचा दिसतो. तुम्हीसुद्धा 'नाही' लिहिलंय?" मामा म्हणाला, "हो सर. पण तो मी मोकळा असताना भरला नव्हता. कामात होतो." परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि मामाला बसायला सांगितलं. तोवर तो उभाच होता.

मामाला जाऊन आता दोन महिने झाले. पुढे तो एका महाविद्यालयात हाच विषय शिकवू लागला, मुलांना घेऊन कुठे कुठे हिंडला, ते सगळं सावकाश लिहायचं आहे. पण मला पुन्हा पुन्हा आठवतो तो निकालाचा दिवस. तार घेऊन तो शेतात गेला तेव्हा आबा केळीला पाणी देत होते. त्यांनी तार शेजारच्या शेतातल्या माणसाकडून वाचून घेतली, फावड्याने दांडातलं पाणी दुसऱ्या सरीत वळवलं आणि पाठमोरेच म्हणाले, "मंग उद्या कामावर येऊ नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा धुतलेला सदरा घालून वाचनालयात आला. एवढ्या मोठ्या मोकळ्या दिवसाचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. मी त्याला खिडकीजवळची खुर्ची दिली. त्याने पुस्तक घेतलं नाही, वही उघडली नाही. संध्याकाळी मी कुलूप लावेपर्यंत तो तिथे नुसता बसून होता, आणि मधूनमधून मी मान वर करून पाहिलं की हसताना दिसत होता.