इकाम्यावरचा सुतार

लेकीला मेडिकलच्या दोन जागा मिळाल्या आणि आखातातल्या आमच्या मलाझ भागातल्या घरात तंटा सुरू झाला. ती अमेरिकेत मावशीकडे राहून पदवीपर्यंत शिकलेली. एक जागा तिथल्याच ऑस्टिओपॅथिक कॉलेजातली, म्हणजे नावापुढे डी.ओ. लागणार. दुसरी कॅरिबियन बेटावरची, पण तिथे एम.डी. मिळणार.

मी बेटाच्या बाजूने. का, ते सांगायला हवं. मी नाशिकचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पण मला इकडे आणणाऱ्या मालकाकडे, म्हणजे कफिलाकडे, व्हिसा उरला होता तो सुताराचा. त्यामुळे इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, माझा हुद्दा पडला सुतार. जन्मात कधी रंधा धरला नाही, पण सुताराला बायकोमुलं आणायची परवानगी नाही म्हणजे नाही. लेकीचं बारसं मी बत्ह्याच्या बाजारातल्या फोनच्या दुकानात उभं राहून ऐकलं. हुद्दा बदलून मिळाला आणि मायलेकी इकडे आल्या तेव्हा ती चार वर्षांची होती. विमानतळावर तिने मला ‘काका’ म्हटलं. तेव्हापासून कागदावरच्या शब्दाची मी धास्तीच घेतली आहे.

“डी.ओ. म्हणजे हाडवैद्य,” मी फोनवर तिला सुनावलं.

“बाबा, प्लीज! ते फुल डॉक्टर असतात. औषधं, सर्जरी, सगळं करतात. बेटावरून आलं की इथल्या हॉस्पिटलात ट्रेनिंगची जागा, रेसिडेन्सी, मिळणंच टफ असतं.”

मी ऐकतोय कुठला! डी.ओ. कॉलेजला गुरुवारपर्यंत कळवायचं होतं. बुधवारी मी फर्मान सोडलं, नाही म्हणून कळव. ती “बरं” म्हणाली. एवढ्या पटकन कशी ऐकते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. शुक्रवारी बायकोला दुधाच्या पावडरचे पेढे करायला लावले. “उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग,” ती पेढे वळता वळता पुटपुटली.

मित्रमंडळीत डबा फिरवला. त्यात रत्नागिरीचे एक दुकानदार होते. त्यांनी पेढा घेतला, पण हातातच ठेवला.

“भाई, आमचा भाचा बेटावरूनच एम.डी. झाला. सगळ्या परीक्षा पास हाय. पण तिसरं वर्ष, हॉस्पिटल कुठलं घेत नाय. घरात बसून फॉर्म भरतो.”

तसाच उठलो, गाडीत येऊन बसलो आणि लेकीला फोन लावला. माझ्या हट्टापायी पोरीचं वाटोळं झालं, एवढंच डोक्यात होतं.

“बाळा, डी.ओ.वाल्यांना ‘नाही’ म्हणून कळवलंस का?”

ती म्हणाली, “सॉरी बाबा. मी ‘हो’ कळवलं. तुम्हाला सांगायची डेअरिंग होत नव्हती.”

मला इतकं हायसं वाटलं की रागवायचंसुद्धा सुचलं नाही. चष्मा काढून डोळे पुसले. तरी खोड जाईना. “पण कागदावर डी.ओ. राहणार गं,” मी म्हणालोच.

“बाबा, एअरपोर्टवर माझ्या पासपोर्टवर वडील म्हणून तुमचंच नाव होतं ना?”

“होतं की.”

“तरी मी काका म्हटलं. बाबा तुम्ही नंतर झालात.”